गॅरेजमागची बाळंतीण

भोक आधी आईला दिसलं.

एप्रिल संपत आला होता. आई येऊन चारच दिवस झाले होते आणि पुण्यात गच्चीवरच्या कुंड्यांभोवती मारते तशी सकाळची फेरी ती हातात चहाचा कप घेऊन आमच्या घराभोवती मारायला लागली होती. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो, बॉस्टनपासून तासाभरावर. गॅरेजच्या मागच्या भिंतीला चिकटून एक लाकडी शेड आहे. आधीच्या मालकाने ती स्वतःच्या हाताने ठोकलेली, त्यामुळे तिचा एकही कोपरा काटकोनात नाही. फळ्यांची जमीन मातीपासून वीतभर वर. त्या पोकळीच्या तोंडाशी ताजी माती उकरलेली होती आणि भोक एवढं, की माझी मूठ आरामात आत जावी.

"घूस," आईने निदान केलं.

इथे घुशी नसतात, असं मी म्हणाले खरी, पण खात्री नव्हती. कुंपणापलीकडचे ऐंशीच्या घरातले आजोबा गुडघ्यावर हात ठेवत वाकले, फळीच्या कडेला अडकलेले दोन-तीन केस चिमटीत धरून उजेडात पाहिले. एक काळा, दोन पांढरे. मग एकच शब्द म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. स्कंक.

हा शब्द इथलाच, याच मातीतला. इंग्रज इथे उतरले तेव्हा न्यू इंग्लंडच्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्वियन भाषांतून त्यांनी तो उचलला, कारण शेपटीखालून घाण वासाचा फवारा मारणारा हा प्राणीच युरोपात नव्हता. शिकागो या नावाचं मूळही असंच, तिकडच्या मूळ लोकांच्या एका शब्दात आहे. त्याचा अर्थ रानलसूण, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ स्कंक. म्हणजे जगातल्या एका बड्या शहराच्या नावातच वास भरून राहिलाय. शास्त्रीय नाव तर त्याहून कडी: मेफायटिस मेफायटिस. लॅटिनमध्ये मेफायटिस म्हणजे जमिनीतून येणारी घाण वाफ. एकदा म्हणून समाधान झालं नाही, म्हणून दोनदा म्हटलंय.

माझी या वासाशी पहिली ओळख 2011 सालची. अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते, भाड्याच्या घरात होतो, आणि रात्री दोनला मी नवऱ्याला हलवून उठवलं. गॅस लीक होतोय. आम्ही दिवे न लावता, पासपोर्टची पिशवी घेऊन, नाइटड्रेसवर कोट चढवून बाहेर फुटपाथवर उभे राहिलो. गॅस कंपनीचा माणूस आला, यंत्र घेऊन घरभर फिरला, आणि बाहेर येऊन इतक्या मायेने आमच्याकडे पाहिलं की मला अजून लाज वाटते. पण चूक तशी अगदीच अडाणीपणाची नव्हती. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून आपल्या सिलिंडरमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळतात. मरकॅप्टन म्हणजेच थायॉल, गंधकाची संयुगं, आणि स्कंकच्या फवाऱ्यातली मुख्य मंडळी त्याच गोतावळ्यातली. माणसाच्या नाकाला हे थायॉल अब्ज भागांत काही भाग इतक्या क्षुल्लक प्रमाणातही कळतात. नाक आपलं तल्लखच होतं. फक्त सिलिंडर चार पायांचा निघाला.

सगळ्यांचं नाक, आईचं सोडून. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविड झाला तेव्हा तिचा वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती महिनोन् महिने रोज सकाळी लवंग, निलगिरी, लिंबाची साल नाकाशी धरून बसायची. आता सोडून दिलंय. तक्रार करत नाही, पण फोडणीत हिंग किती पडतोय याचा अंदाज राहिलेला नाही, आणि गॅसपाशी उभी राहून "करपलं का गं?" असं वरचेवर विचारते. तिच्या आमटीला आमच्या घरात सध्या कोणी नावं ठेवत नाही.

तर स्कंक काढायचा. भाडेकरू कसा काढावा, हा प्रश्न पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला पहिल्यांदाच पडतो असं नाही. आमच्या आजोबांनी आयुष्यातली बरीच वर्षं 1947 च्या भाडेकायद्याची कलमं पाठ करण्यात घालवली, आणि खालच्या दोन खोल्या शेवटपर्यंत रिकाम्या झाल्या नाहीत. तो अनुभव आईच्या गाठीशी असल्याने ती शांत होती. नवरा नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी डांबरगोळ्या आणायचं काढलं. कपाटातल्या झुरळापासून बिळातल्या उंदरापर्यंत आपला एकच उपाय. इथे मात्र डांबरगोळ्या अशा उघड्यावर टाकायला कायद्याने बंदी आहे. शिवाय नॅफ्थलीन विषारी, ते मातीत जातं, पाण्यात जातं, पोराबाळांच्या हाती लागतं. आणि जो प्राणी स्वतःचा वास रोज सोबत घेऊन फिरतो, तो आपल्या डांबरगोळ्यांना काय भीक घालणार?

मग राज्याचा परवाना असलेला, असले प्राणी काढून देणारा माणूस बोलावला. मला वाटलं होतं पिंजरा आणेल, पकडेल, लांब जंगलात नेऊन सोडेल. तो म्हणाला, मॅसॅच्युसेट्समध्ये रानातला प्राणी पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदेशीर आहे. रोग पसरतात, आणि सोडलेला प्राणी अनोळखी जागी बहुधा जगत नाही. पिंजऱ्यात घेतला तर पुढे दोनच गोष्टी: इथेच अंगणात परत सोडायचा, नाहीतर मारायचा. आणि मे महिना तोंडावर आलाय, म्हणजे आतली मादी एकतर आज-उद्या व्यायची, नाहीतर व्यायलेली. भोक आत्ता बुजवलंत तर आई बाहेर आणि पिल्लं आत असं होईल, किंवा सगळीच आत. मग जो वास येईल तो स्कंकचा नसेल.

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे ओली बाळंतीण आहे," ती म्हणाली. "मग प्रश्नच मिटला. तिला कोण काढतं?"

इथे मला थोडं मागे जावं लागेल. 2014 मध्ये मुलगी झाली तेव्हा आई सहा महिने येऊन राहिली होती. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, अंगाला तेल, सगळं साग्रसंगीत. पाचव्या दिवशी तिने ओवा-बाळंतशेपाची धुरी पेटवली आणि पाच मिनिटांत घरातले सगळे स्मोक अलार्म एकदम किंचाळले. मी बाळ छातीशी धरून, नवरा टॉवेल हलवत, आणि आई मधोमध धुपाटणं धरून ठाम उभी. बाळंतिणीच्या बाबतीत ती अमेरिकेचं ऐकत नाही. त्यामुळे सव्वा महिना कोणी शेडकडे फिरकायचं नाही, असा हुकूम निघाला. गंमत म्हणजे तो परवानेवाला माणूसही जवळजवळ तेच सांगून गेला होता. स्कंकची पिल्लं मेच्या सुमारास जन्मतात, आंधळी असतात, तीनेक आठवड्यांनी डोळे उघडतात, आणि सहा-सात आठवड्यांची झाली की आईमागे ओळीने बाहेर पडायला लागतात. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला बघा, म्हणाला. आईच्या हिशेबात आणि वन्यजीवांच्या हिशेबात फार तर आठवड्याचा फरक पडत होता.

आत नक्की कोणी आहे का, हे तपासायला शेजारच्या आजोबांनी भोकासमोर पीठ पसरायला सांगितलं होतं. "अन्न का वाया घालवायचं?" म्हणत आईने बॅगेतून रांगोळीचा पुडा काढला. चहाच्या गाळणीतून तिने हातभर लांब पांढरा पट्टा इतका एकसारखा सोडला की वर ठिपके काढायचा मोह तिला आवरावा लागत असणार. सकाळी सहाला मला हाक मारली. पुढच्या पंजाची पाच बोटं, आणि प्रत्येक बोटापुढे जरा अंतर सोडून नखाचा टिंब, सुईने टोचल्यासारखा. मागचं पाऊल मात्र टाचेसकट पूर्ण टेकलेलं, तान्ह्या बाळाच्या पावलासारखं. आई बराच वेळ बसून बघत होती. "गौरीची पावलं अशीच काढतो की गं आपण," ती म्हणाली. "फक्त गौर आत येते, ही बाहेर गेलीय."

त्या पट्ट्याच्या पलीकडे, शेडच्या पायरीवर, मला एक स्टीलची वाटी दिसली. स्वच्छ चाटलेली. चौकशीअंती कळलं की आई रोज संध्याकाळी उरलेला भात तिथे ठेवत होती. पाखरांसाठी. संध्याकाळी कुठली पाखरं येतात, हा प्रश्न तिला पडला नव्हता. स्कंकला काहीही चालतं: किडे, उंदीर, अंडी, पडलेली फळं, कचऱ्यातलं उष्टं, बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे. आमच्या लॉनवर सकाळी दिसणारी छोटी छोटी, शंकूच्या आकाराची भोकं तिचीच होती. ती गवताच्या मुळाशी असलेल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या उकरून खाते. जमिनीतली गांधीलमाश्यांची पोळीसुद्धा उकरते म्हणे. म्हणजे भाडं अगदीच बुडवत नव्हती. पण भात बंद झाला, कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं आली, फीडर उन्हाळ्यापुरता उतरवला. आईने हे सगळं मान्य केलं, तरी दोन दिवस तिचा चेहरा उतरलेलाच होता. बाळंतिणीच्या तोंडचा घास.

मे गेला, जून आला. नवऱ्याने एकदा गुपचूप शेडपाशी रेडिओ लावून ठेवला. उजेड आणि माणसांच्या बोलण्याला ही जनावरं कंटाळतात, असं त्याने वाचलं होतं. वाचलं ते खरं आहे, पण पिल्लं चालायला लागल्यानंतरचं. आईने रेडिओ बंद करून आत आणला. "बाळंतिणीच्या खोलीत कोणी असा रेडिओ ठणाणा लावतं का?" त्यावर नवऱ्यापाशी उत्तर नव्हतं. मलाच एक काळजी होती, रेबीजची. या भागात रेबीज असणाऱ्या प्राण्यांत स्कंकचा नंबर बराच वर आहे. मुलीला सक्त ताकीद होती: लांबून बघायचं, जवळ जायचं नाही. एकदा भर दुपारी स्कंक लॉनवर दिसली तेव्हा मी हादरले. पण पाजणारी मादी भुकेपोटी दिवसाही बाहेर पडते, आणि ही चालत होती सरळ, आपल्या कामात, झोकांड्या न खाता. मांजराएवढी, कपाळावर पांढरी रेघ, मानेवर ती रुंद होऊन पाठीवर दोन पट्ट्यांत फुटलेली, झुबकेदार शेपटी. तोंड लांबट. आई म्हणाली, "चिचुंद्रीची थोरली बहीण." शास्त्रज्ञांनीही हिला बरीच वर्षं दुसऱ्याच कुळात, मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल मंडळींत घातलं होतं. 1990 च्या दशकात डीएनए तपासल्यावर वेगळं घर काढून दिलं.

आता जूनअखेरीची ती रात्र.

आई तिचे कपडे ड्रायरमध्ये टाकू देत नाही. उन्हात वाळवायचे तर समोरच्या अंगणात दोरी बांधणं इथे बरं दिसत नाही, म्हणून तिने गॅरेजमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली होती, आणि हवा खेळावी म्हणून गॅरेजचं मोठं दार संध्याकाळी उघडं ठेवायची. त्या दिवशी दोरीवर सोलापुरी चादर होती. जांभळी, पांढऱ्या कोयऱ्यांची. ती चादर अंगावर घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही, म्हणून दर वेळी बॅगेतली दोन किलो जागा त्या चादरीची. पावणेनऊ झाले असतील. मी घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार ढकललं आणि पाहिलं: आई पायरीवर उभी, समोर सात-आठ फुटांवर स्कंक.

स्कंक लगेच फवारा मारत नाही, हे तोवर वाचून झालं होतं. ऐवज पाच-सहा फवाऱ्यांपुरताच असतो, आणि तो संपला की पुन्हा साठायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर जनावर निहत्थं. त्यामुळे ती आधी सांगून बघते, पुन्हा सांगून बघते. पुढचे पाय जमिनीवर आपटते. फिस्कारते. शेपटी उभारते. अगदीच ऐकलं नाहीत तर अंगाचा अर्धा विळखा करून तोंड आणि ढुंगण दोन्ही तुमच्याकडे करते, आणि मग दहा फुटांवरून नेम चुकत नाही. आमच्या गॅरेजमध्ये पायआपटणी चालू होती. सिमेंटवर टप टप, टप टप, हट्टी पोराने फतकल मारण्याआधी आपटावेत तसे. आई जराही हलली नव्हती. मला वाटलं घाबरून थिजलीय. तर ती बोलत होती, अगदी हळू आवाजात: "हो गं, हो. कळलं मला. जा तू. कोणी काही करत नाही. पिल्लं वाट बघत असतील, जा."

आणि खरं सांगते, ती जायला वळली. शेपटी खाली आली. दोन पावलं दाराकडे टाकली. तेवढ्यात ड्राइव्हवेवर नवऱ्याची गाडी आली, हेडलाइट थेट तिच्या डोळ्यांत, आणि उघड्या दाराचा अंदाज नसलेल्या नवऱ्याने सवयीने रिमोट दाबला. दार घरघरत खाली यायला लागलं.

पुढचं दोन सेकंदांत झालं. पिवळसर, तेलकट तुषार हेडलाइटच्या उजेडात मला चक्क दिसले. मग डोळे गेले, नाक गेलं, घसा गेला. लांबून येणारा स्कंकचा वास आणि हा, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा वास नसतोच, मार असतो. मी घरात पळाले. नवरा गाडीत काचा लावून बसून राहिला. खाली येणाऱ्या दाराखालून स्कंक निसटली, हे आईनेच नंतर सांगितलं. ती डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत तिथेच उभी होती. चुरचुरतंय म्हणाली, वास नाही. शिंगवाल्या मोठ्या घुबडाचं असंच असतं. त्याला वासाची फारशी पर्वा नसल्याने स्कंकची शिकार करणारा तो एक हुकमी गडी. त्या रात्री मी आईकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

शेजारच्या आजोबांनी टोमॅटोचा रस सुचवला. तो फोल आहे. नाक थकतं, टोमॅटोचाच वास येत राहतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. खरा उतारा पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचा, 1993 मध्ये छापून आलेला: लिटरभर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर भांड्यांचा द्रवसाबण. थायॉलला ऑक्सिजन चिकटतो आणि वासाची नांगी मोडते. हे मिश्रण विकत मिळत नाही, कारण बाटलीत बंद केलं की वायू सुटून बाटली फुटते. ताजं करायचं, लगेच वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं. गॅरेजची जमीन, भिंत, गाडीचं चाक आम्ही रात्री साडेअकरापर्यंत पुसत होतो. चादरीकडे वळले तर आईने ती ओढून घेतली. पेरॉक्साइडने रंग उडतो. कोयऱ्या राहतील, जांभळा जाईल. साध्या साबणात एकदा धुतली आणि जुलैभर मागच्या अंगणात, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता, कडक उन्हात टाकली. महिन्याने मी नाक लावून पाहिलं. खरंच काही येत नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रांगोळीवर लहान पावलं उमटली. आधी भोकाच्या तोंडाशीच गोंधळ, दुसऱ्या दिवशी सरळ बाहेर जाणारी रांग. रात्री खिडकीतून दिवे मालवून बघितली: पुढे आई, मागे पाच, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक. पाचही जणांना पांढरे पट्टे आखून दिलेले, शाळेच्या गणवेशासारखे. माझी मुलगी मोजत होती, आई ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मग परवानेवाल्याने भोकावर जाळीचं एकेरी दार बसवलं. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही. तीन रात्री रांगोळी कोरी राहिल्यावर नवऱ्याने शेडभोवती खंदक खणला. हार्डवेअर क्लॉथ नावाची वस्तू आणली. नाव कापडाचं, वस्तू अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी. ती फूटभर खाली पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर वळवायची, म्हणजे उकरणाऱ्याच्या पायाखालीच जाळी येते. न्यू इंग्लंडच्या जमिनीत मातीपेक्षा दगड जास्त. चार दिवसांचं काम दोन आठवडे चाललं, आणि निघालेल्या दगडांचा आईने तुळशीवृंदावनासारखा एक चौथरा रचला. तो आहे अजून.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती परत गेली. चादर बॅगेत.

दहाएक दिवसांनी, इथल्या सकाळी, तिचा फोन आला. आवाजात हसू दाबलेलं. पुण्यात परतीचा पाऊस जोरात होता. प्रवासात चुरगळली म्हणून तिने चादर दुपारी गरम पाण्यात भिजत घातली होती आणि बादली गॅलरीत ठेवून सोफ्यावर लवंडली होती. जाग आली ती बेलने. वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, सेक्रेटरी, वॉचमन, सगळे दारात. काकू, दिवा लावू नका, तुमच्याकडून गॅसचा वास येतोय. जिन्यातल्या सगळ्या घरांचे रेग्युलेटर बंद झाले होते. कोणीतरी गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरला फोनही लावला होता. स्कंकच्या फवाऱ्यातला काही भाग कोरडा असताना गप्प पडून राहतो, पाणी लागलं की त्याचं पुन्हा थायॉल होतं. भिजलेली कुत्री म्हणूनच महिन्यांनंतरही घमघमतात. हे मी वाचलं होतं. तिला सांगायचं राहिलं होतं.

"मग काय केलंस?"

"काय करणार? बादली दाखवली. म्हटलं, अमेरिकेहून आणलंय. आमच्या बाळंतिणीने दिलंय." ती आता मोकळेपणी हसत होती. मग थांबली. "सगळ्यांना येत होता गं. एकजात सगळ्यांना. मी बादलीत तोंड घालून बसले तरी काही नाही." पाऊस पडल्याचा आवाज फोनमध्ये ऐकू येत होता. "तू सांग ना. नक्की कसा असतो तो?"

मी विचार केला. म्हटलं, लसूण करपला ना, की त्याच्या मागून जो येतो तसा. त्यात थोडं रबर जळलेलं.

"बरं. आणि?"

आणि सिलिंडर बदलताना पटकन येतो ना, तो.

"तो आठवतोय," आई म्हणाली. "पुढे?"